लव्हाळ्याचा क्रॉस, पेंढ्याचे मुखवटे

३१ जानेवारीच्या रात्री आयर्लंडमधल्या कितीतरी घरांबाहेर, खिडकीच्या कट्ट्यावर नाहीतर कुंपणाच्या झुडपावर, एखादं साधंसं फडकं टाकलेलं असतं. रुमाल, स्कार्फ, जुना टॉवेल, काहीही चालतं. त्या रात्री संत ब्रिजिड गावोगाव फिरते, जाता जाता त्या कापडाला हात लावते, आणि सकाळी दवाने ओलं झालेलं ते फडकं घरात आणून जपून ठेवलं की डोकं दुखो, घसा धरो, वर्षभर तेच औषध. एनिस या गावात राहायला आले तेव्हा शेजारच्या आजींच्या खिडकीबाहेर असाच एक निळा रुमाल दिसला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला होता. मी सहज विचारलं. आजींनी मला आत बोलावलं, चहा दिला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि ओल्या लव्हाळ्यांचा भारा माझ्यापुढे टाकला. तेव्हापासून मला या देशाच्या सणांचं जे वेड लागलंय ते काही केल्या उतरत नाही, आणि भेटेल त्याला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही!

लव्हाळे ओढ्याकाठच्या पाणथळ रानातून आणायचे. ते कापायचे नाहीत, हाताने उपटायचे. एक लव्हाळा उभा धरायचा, दुसरा मधोमध दुमडून त्याच्यावर अडकवायचा, घट्ट ओढायचा आणि सगळं पाव वळण फिरवायचं. मग तिसरा दुमडून दुसऱ्यावर, पुन्हा पाव वळण. बस्स, एवढंच. पण मधला चौकोन सतत अंगठ्याखाली दाबून धरावा लागतो, पकड सैल पडली की सगळं उसवतं. आजींचे हात बोलता बोलता चालत होते, नजर माझ्याकडे, गप्पा सुनेच्या, आणि मधल्या मध्ये हिरवागार, तुकतुकीत चौकोन वाढत होता. शेवटी चारही हात दोऱ्याने बांधायचे, टोकं कात्रीने सारखी करायची आणि क्रॉस दारावर लावायचा. घराला आग लागू नये म्हणून. पूर्वी गवती छपरांच्या घरांत दरवर्षीचा क्रॉस आढ्याला खोचून ठेवत, जुने काढत नसत. आजींच्या माहेरी चुलीच्या धुराने काळे पडलेले असे क्रॉस ओळीने होते म्हणे. हिरवा लव्हाळा वर्षभरात सोनेरी होतो, मग तपकिरी. माझ्या दारावरचा आता मधासारख्या रंगाचा झालाय.

ही ब्रिजिड कोण? ख्रिस्ती परंपरेत ती पाचव्या-सहाव्या शतकातली किल्डेरची मठाधिपती. मरणपंथाला लागलेल्या एका सरदाराच्या उशाशी बसून तिने जमिनीवर पसरलेले लव्हाळे उचलून क्रॉस विणला, अशी कथा आहे. दुसरी कथा मला त्याहून आवडते. लेन्स्टरच्या राजाकडे तिने मठासाठी जमीन मागितली. राजा देईना. मग माझा झगा झाकेल तेवढी तरी दे, असं ती म्हणाली. राजा हसून हो म्हणाला, आणि झगा पसरत पसरत करागचं अख्खं माळरान झाकून गेला! आणि या संतिणीच्या मागे त्याच नावाची एक ख्रिस्तपूर्व देवी उभी आहे, काव्याची, लोहारकामाची, उपचारांची. तिचा सण इम्बोल्क, वसंताची पहिली चाहूल. किल्डेरला तिच्या नावाने शतकानुशतकं तेवत असलेली ज्योत मध्ये विझली होती. ब्रिजिडाइन सिस्टर्सनी ती १९९३ मध्ये तिथल्या बाजारचौकात पुन्हा पेटवली. आणि २०२३ पासून हा सण राष्ट्रीय सुट्टीचा झाला. आयर्लंडमध्ये एका स्त्रीच्या नावाची ही पहिली सार्वजनिक सुट्टी. ती पहिल्यांदा साजरी झाली तेव्हा देशाचे पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं गाव मालवणजवळचं वराड. हे कळलं तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या वाजवत होते.

जगाला आयर्लंडचा एकच सण ठाऊक असतो, १७ मार्चचा संत पॅट्रिकचा. हिरवे कपडे, हिरव्या टोप्या, डब्लिनची भव्य मिरवणूक. ती मी पाहिली, देखणी आहे यात वाद नाही. मुलं बापाच्या खांद्यावर, सगळ्यांच्या छातीला शॅमरॉकची ताजी जुडी टाचलेली, जगभरातून आलेली बँडपथकं. पण ही थाटाची मिरवणूक मूळची परदेशी गेलेल्या आयरिश लोकांची. न्यूयॉर्कमध्ये ती १७६२ पासून निघते, आणि डब्लिनचा आजचा मोठा महोत्सव मात्र १९९६ पासूनचा. घर सोडून गेलेल्यांनी घराची आठवण म्हणून जे उभं केलं, ते फिरून घरी आलं.

मला भारून टाकलं ते डिंगलच्या मिरवणुकीने. केरी काउंटीतलं हे समुद्राकाठचं छोटंसं गाव. तिथे मिरवणूक पहाटे सहाला निघते! मिट्ट काळोख, हाडं गोठवणारी थंडी, आणि त्या काळोखात बासऱ्या आणि ढोल. हे गावचं फाइफ अँड ड्रम पथक. एकोणिसाव्या शतकात कुळांचा जमिनीसाठी लढा पेटला होता, तेव्हा ब्रिटिश अंमलात अशा मिरवणुकांवर बंदी आली. मग गावाने वेळच बदलली, आणि ती आजवर तशीच ठेवली. पथक जसजसं पुढे सरकतं तसतशी दारं उघडतात, लोक रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून बाहेर येतात आणि पथकामागे चालू लागतात. दुतर्फा उभं राहून पाहणारा कोणी नाहीच! सगळेच मिरवणुकीत. मीही होते. आणि चालता चालता माझ्या लक्षात आलं की आजींच्या टेबलावर झालं होतं तेच इथे होतंय. या देशात सण नुसता बघू देत नाहीत. कोणी ना कोणी तुमच्या हातात काहीतरी देतं, लव्हाळा, मेणबत्ती, पेंढ्याची टोपी, नाहीतर गाण्याची पाळी, आणि तुम्हाला आत ओढतं.

१ मेच्या आदल्या संध्याकाळी उंबरठ्यावर पिवळी फुलं टाकतात, देशाचा मध्य मानल्या जाणाऱ्या उश्नाक टेकडीवर ब्याल्तना या सणाचा जाळ पेटवतात. १६ जूनला डब्लिनमध्ये गवती हॅट आणि जुन्या घाटाचे कोट घालून लोक जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'मधल्या रस्त्यांवरून हिंडतात, कारण ती कादंबरी १९०४ सालच्या त्याच एका दिवसात घडते. एका कादंबरीचा सण! १९५४ मध्ये पॅट्रिक कॅव्हना, फ्लॅन ओब्रायन आणि आणखी काही लेखक मंडळी घोडागाड्या भाड्याने करून निघाली आणि वाटेतल्या पबमध्येच रमली, तिथून हा सुरू झाला. स्वेनीज नावाच्या जुन्या औषधाच्या दुकानात कादंबरीच्या नायकाने घेतला तो लिंबाचा साबण आजही मिळतो, आणि तिथे लोक एकत्र बसून जॉइस मोठ्याने वाचतात. माझ्या हातातही पुस्तक दिलं. दिलंच!

जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक मेयोमधला क्रोक पॅट्रिक हा डोंगर चढतात. उंची ७६४ मीटर, वरचा सुळका सगळा निसरत्या दगडांचा, आणि काहीजण अनवाणी. पॅट्रिकने तिथे चाळीस दिवस उपास केला म्हणतात. त्याच्याही आधीपासून सुगीचा लूनसा सण अशाच डोंगरांवर व्हायचा. ऑगस्टमध्ये किलॉर्ग्लिनच्या पक फेअरमध्ये डोंगरातून रानबोकड पकडून आणतात आणि शाळकरी मुलगी राणी होऊन त्याला राजमुकुट घालते. मुलीचा तो गंभीर चेहरा विसरता येत नाही. पण बोकडाला उंच मचाणावर चढवणं मला पटलं नाही, ते मी तिथल्या माणसांनाही सांगितलं. गावात यावरून बरेच वाद झाले आहेत.

पण आता मला मिलटाउन मॅल्बे या गावाबद्दल सांगू दे, कारण तिथे माझं जे झालं ते इतर कुठेच झालं नाही.

विली क्लॅन्सी हा इथला मोठा इलन पाइप्सवादक. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. कोपराखालच्या भात्याने पिशवीत हवा भरतात आणि दुसऱ्या कोपराने पिशवी दाबतात. सूर जमिनीतून उगवल्यासारखा येतो, खालच्या पट्टीतले स्वर अखंड घुमत राहतात. २०१७ मध्ये युनेस्कोने ही कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. विली १९७३ च्या सुरुवातीला गेला आणि त्याच उन्हाळ्यात मित्रांनी त्याच्या गावात त्याच्या नावाची शाळा भरवली. तेव्हापासून दर जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती भरते. शाळा म्हणजे काय, तर अख्खं गाव! वर्ग कुणाच्या बैठकीत, कुणाच्या स्वयंपाकघरात, शाळेच्या खोल्यांत. रस्त्यावरून चाललं की एका खिडकीतून फिडल, दुसरीतून कॉन्सर्टिना. सत्तरीचे बुवा आणि आठ वर्षांची मुलगी एकाच बाकावर बसून तीच धून शिकतात. कागद नाही, नोटेशन नाही. गुरू एक तुकडा वाजवतो, सगळे तोच वाजवतात, पुन्हा, पुन्हा, आणि मग पुढचा तुकडा.

आणि संध्याकाळ झाली की सेशन. पबच्या कोपऱ्यात पाच-सहा खुर्च्या गोल. कोणी मंचावर नाही, कोणाकडे माइक नाही. एकजण एखादी रील, म्हणजे नाचाची धून, सुरू करतो, इतरांना ठाऊक असेल तर ते सामील होतात, नसेल तर वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. धुनेचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, मग सगळी धून पुन्हा, आणि मग एकदम, न थांबता, दुसरी धून! कोणी सांगितलं? कोणीच नाही. मी डोळे फाडफाडून पाहत होते तेव्हा दिसलं. फिडलवाल्या बाईने भुवई किंचित उचलली आणि बासरीवाल्याकडे पाहिलं, बस्स. बौरान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा हातात धरायचा डफ. तो एका वेळी एकानेच वाजवायचा, हा अलिखित नियम. पाहुणा आपला बौरान घेऊन आला तर तो आपली पाळी येईपर्यंत गुडघ्यावर ठेवून बसतो.

मग मध्यरात्रीनंतर कोणीतरी म्हणालं, गाणं होऊ दे. कोपऱ्यातला एक म्हातारा शेतकरी, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, डोळे मिटून गाऊ लागला. शॉन-नोस, म्हणजे जुन्या वळणाचं गाणं, साथीला काहीही नाही, आयरिश भाषेत. क्षणापूर्वी गजबजलेला पब गप्प झाला, बारवाल्याने ग्लास धुणं थांबवलं. शेजारच्या माणसाने त्या गायकाचा हात आपल्या हातात घेतला आणि गाण्याच्या लयीत हळूहळू गोल फिरवू लागला, ओळीच्या शेवटी घट्ट दाबायचा, मग पुन्हा फिरवायचा. मधून लोक हळूच शाबासकी देत होते. एकट्याने गाणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, म्हणून हात धरायचा! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्यातला एक शब्द कळत नव्हता.

इथे एक रीत आहे. ज्याने गाणं म्हटलं, पुढचं कोणी म्हणायचं ते तोच सांगतो. म्हाताऱ्याने डोळे उघडले, गोलात नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. मला काही सुचेना. मग माझ्या आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या आपोआप ओठांवर आल्या, सासर-माहेरच्या, भावाच्या. साथ नको, ताल जात्याच्या घरघरीचा, तो मनातल्या मनात धरला. आणि दुसऱ्याच ओवीला शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात धरला आणि फिरवू लागली. जातं फिरावं तसा, अगदी त्याच दिशेने, त्याच गतीने! मला काय वाटलं ते मी आजवर धड कुणाला सांगू शकलेले नाही. गाणं संपल्यावर म्हाताऱ्याने विचारलं की हे कशाबद्दल होतं. मी म्हटलं, दळण दळताना बायका म्हणतात. त्याने मान डोलावली. त्याच्या आईकडे लोणी घुसळताना म्हणायची गाणी होती म्हणे.

तिथून मी जी सुटले ती ऑगस्टमध्ये वेक्सफर्डच्या फ्ला ख्योलला गेले. १९५१ मध्ये मलिंगारला सुरू झालेला हा देशातला पारंपरिक संगीताचा सर्वांत मोठा मेळा, दर एक-दोन वर्षांनी गाव बदलतो. काउंटीच्या, मग प्रांताच्या स्पर्धा जिंकून मुलं इथे येतात. वेक्सफर्डची मुख्य गल्ली आधीच चिंचोळी, तिच्यात दर दहा पावलांवर मुलांचा गोल, मध्ये उताणी टोपी. बारा वर्षांच्या आतल्या दोन मुली फरसबंदीवर बसून असं काही वाजवत होत्या की टपालवाला सायकल टेकवून उभा राहिला. मी तिथे काय काय पाहिलं ते लिहायचं तर वेगळा लेख लागेल.

सप्टेंबरमध्ये लिसडूनवार्नात लग्न जमवण्याची जत्रा भरते, सुगी आटोपलेल्या शेतकऱ्यांसाठी सुरू झालेली. आणि मग येतो साविन. ३१ ऑक्टोबर. सगळं जग ज्याला हॅलोवीन म्हणतं तो इथला, या मातीतला! सुगी संपली, गुरं डोंगरावरून खाली आली, आता अंधाराचे महिने. जुन्या हिशेबात वर्ष इथून, अंधारातून सुरू होतं. या रात्री दोन जगांमधलं दार उघडं असतं आणि गेलेली माणसं घरी येतात, म्हणून चूल पेटती ठेवायची, त्यांच्यासाठी ताट वाढून ठेवायचं. ऐकताना मला आमच्या घरचा पितृपक्ष आठवला, आजोबांच्या नावाने काढून ठेवलेलं पान आठवलं. रॉसकॉमनमधल्या रॅथक्रोहन इथे झुडपाखाली एक अरुंद गुहा आहे, मांजरांची गुहा म्हणतात. साविनच्या रात्री पलीकडचे जीव तिच्यातून बाहेर पडतात, असं मध्ययुगीन कथा सांगतात. मी आत उतरले. चिखलातून रांगत. वाटाड्याने टॉर्च विझवायला लावले आणि कुणीही काही बोललं नाही.

हॅलोवीनच्या कंदिलाचा भोपळा अमेरिकेतला. इथे पूर्वी सलगम कोरत. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळानंतर लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले आणि तिथे त्यांना मोठे, मऊ भोपळे मिळाले. मेयोच्या ग्रामजीवन संग्रहालयात डोनेगलमधल्या एका जुन्या सलगम कंदिलाचा साचा ठेवलाय. चेहरा असा की अंगावर काटा यावा, विचकलेले दात आणि खोल गेलेले डोळे. आणि बार्मब्रॅक! मनुका घातलेला गोडसर पाव. त्यात अंगठी, नाणं, चिंधी दडवून भाजतात. अंगठी निघाली तर वर्षात लग्न, नाणं निघालं तर पैसा, चिंधी निघाली तर चणचण. आजींच्या घरी अंगठी त्यांच्या सोळा वर्षांच्या नातवाच्या तुकड्यात निघाली. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

२१ डिसेंबरच्या आसपास न्यूग्रेंजच्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात सूर्योदयाचा किरण दारावरच्या झरोक्यातून शिरतो, १९ मीटरची वाट चालून आतल्या दालनात पोचतो आणि १७ मिनिटं तिथे थांबतो. हे बांधणाऱ्यांनी हेतूने केलंय हे मायकल ओकेली या पुरातत्त्वज्ञाने १९६७ मध्ये त्या पहाटे आत उभं राहून स्वतः पाहिलं. गिझाच्या पिरॅमिडच्या आधीचं बांधकाम हे! आत जायला सोडत असते. मी बाहेर कुडकुडत उभ्या गर्दीत होते, आणि क्षितिजावर सूर्य आला तेव्हा सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डिंगलला. रेन डे, रेन पक्ष्याचा दिवस. पूर्वी या इवल्याशा पक्ष्याला मारून काठीवर बांधून मिरवत, आता पक्षी मारत नाहीत. मिरवणूक मात्र जशीच्या तशी. गल्ल्यांप्रमाणे वेगवेगळी पथकं, प्रत्येकाचे आपले रंग, आपले झेंडे, पुढे लाकडी तोंडाचा घोडा, जबडा खटाखट वाजवत मुलांच्या मागे धावणारा. आणि माणसं डोक्यापासून पायापर्यंत पेंढ्यात! पेंढ्याचे झगे, पेंढ्याचे उंच शंकूसारखे मुखवटे, चेहरा दिसतच नाही. बँकेतला कारकून की खलाशी की शाळामास्तर, पत्ता लागत नाही. एका पेंढेवाल्याने जवळून जाताना माझा दंड धरला आणि मला पथकात ओढलं. सुकलेल्या पेंढ्याचा तो वास, त्याची सळसळ, ढोलाचा दणका थेट छातीत. जमलेले पैसे सत्कार्याला देतात. रात्री पबमध्ये मुखवटे काढल्यावर घामेजलेले चेहरे, केसांत काड्या, आणि जमिनीवर घोट्यापर्यंत पेंढा.

आणि ६ जानेवारी, नॉलिग ना मॉन, बायकांचा नाताळ! कॉर्क आणि केरीकडची जुनी रीत, आता सगळीकडे पसरलीय. बारा दिवस रांधून, वाढून, भांडी घासून झाली की त्या दिवशी घर पुरुषांनी बघायचं आणि बायकांनी बाहेर पडायचं. आजी, त्यांची सून, सुनेची आई, गल्लीतल्या पाचजणी आणि मी, असं आमचं टेबल. आजींनी लाल लिपस्टिक लावली होती. घरून नातवाचा फोन आला की बटाटे किती वेळ उकडायचे. आजी म्हणाल्या, "तूच बघ," आणि फोन पर्समध्ये ठेवला. मग कोणीतरी गाणं सुरू केलं. पुढच्या ६ जानेवारीचं टेबल मी आत्ताच सांगून ठेवलंय, खिडकीजवळचं, आणि या वेळी पुण्याहून माझी आई आणि मावशीही येणार आहेत.